सीमेवरचा कार्बन: पुण्यातले निर्यातदार आणि विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

युरोपात जाणाऱ्या मालाच्या कार्बनवर सीमेवर बसणारा आकार, म्हणजे ‘सीबॅम’, याबद्दलचे हे प्रश्न दोन ठिकाणांहून येतात. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगावच्या छोट्या-मध्यम कारखान्यांत युरोपच्या ग्राहकाची मेल येऊन पडलेली असते आणि उत्तर कुणी द्यायचं यावरून स्टोअर आणि अकाउंट्समध्ये ढकलाढकली चालू असते. दुसरीकडे नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये हाच विषय ‘चालू घडामोडी’त येतो. पहिल्यांना तारीख आणि रक्कम हवी असते, दुसऱ्यांना कलम आणि साल. दोघांची उत्तरं इथे एकत्रच दिली आहेत. कारखानदाराला वाटाघाटी कळल्या नाहीत तर तो सवलतीची वाट बघत बसतो, आणि विद्यार्थ्याला कारखाना कळला नाही तर त्याचं उत्तर नुसतं पाठांतर वाटतं.

व्यापार आणि हवामान हे दोन वेगळे विषय. ते एकत्र कधी आले?

कागदावर बरेच आधी. ओझोन थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये झालेल्या मॉन्ट्रियल करारात, करारात न आलेल्या देशांशी ओझोनमारक वायूंचा व्यापार रोखायची तरतूद होती. देश करारात यायला तिचाही मोठा हातभार लागला. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान आराखडा करारात कलम ३.५ आहे: हवामानासाठी उचललेलं पाऊल, मग ते एखाद्या देशाने एकट्याने उचललेलं का असेना, मनमानी भेदभावाचं किंवा व्यापारावरच्या छुप्या निर्बंधाचं साधन होता कामा नये. भारत आजही बैठकीत हेच कलम पुढे करतो. जागतिक व्यापार संघटना ज्या १९९४ च्या मराकेश करारातून जन्मली, त्याच्या प्रस्तावनेतही शाश्वत विकासाचा उल्लेख आहे.

भांडण खरं पेटलं ते पैशावरून. युरोपीय संघाने २००५ पासून आपल्या कारखान्यांना प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडसाठी परवाना घ्यायला लावला. तिथले पोलाद कारखानदार म्हणाले, आम्ही परवान्याचे पैसे भरायचे आणि बाहेरून येणारं पोलाद काहीच न भरता आमच्या बाजारात विकलं जाणार, मग आम्ही कारखाने बाहेरच का नेऊ नयेत? त्यांना शांत ठेवण्यासाठी बरेचसे परवाने फुकट वाटले गेले. आता ते फुकट परवाने टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत आणि त्याच प्रमाणात बाहेरच्या मालावर आकार बसतो आहे. या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत, हे लक्षात ठेवा. पुढच्या हिशेबात लागेल.

सीबॅम म्हणजे नेमकं काय?

कार्बन बॉर्डर अॅडजस्टमेंट मेकॅनिझम: युरोपीय संघात येणाऱ्या मालाच्या उत्पादनात जेवढा कार्बन हवेत गेला, त्याची किंमत सीमेवर वसूल करण्याची पद्धत. कायदा मे २०२३ मध्ये लागू झाला. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात फक्त आकडे कळवायचे होते. १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालाचे पैसे मोजावे लागणार आहेत. पोलाद व लोखंड, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज अशी सहा क्षेत्रं त्यात आहेत.

युरोपातला आयातदार सर्टिफिकेट विकत घेतो. एक सर्टिफिकेट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, आणि त्याचा भाव युरोपच्या परवाना बाजारातल्या भावाला बांधलेला. युरोप म्हणतो, हे सीमाशुल्क नव्हे. भरणाऱ्याला हा फरक समजावून सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

२०२६ सुरू होऊनही ग्राहकाने एक पैसा कापलेला नाही. म्हणजे आपण सुटलो?

नाही. २०२६ मध्ये पाठवलेल्या मालाची सर्टिफिकेटं फेब्रुवारी २०२७ पासून विकली जाणार आहेत आणि त्या मालाचं विवरणपत्र भरायची मुदत ३० सप्टेंबर २०२७ आहे. माल आज जातो, बिल पुढच्या वर्षी येतं. शहाणा ग्राहक हा खर्च आजच्याच भावात धरून बसलेला असतो.

माझा माल यात येतो का?

एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक बघा, मालाचं नाव बघू नका. नट, बोल्ट, स्क्रू (७३१८) यादीत आहेत. पाइप, पाइप फिटिंग, स्ट्रक्चर आहेत. ‘लोखंड-पोलादाच्या इतर वस्तू’ म्हणून ७३२६ खाली जाणारं फोर्जिंग आहे. ७२ व्या प्रकरणातले बार, रॉड, वायर जवळजवळ सगळे आहेत. पण ७३२५ खाली जाणारं कास्टिंग यादीत नाही, आणि गाडीचा सुटा भाग म्हणून ८७०८ खाली जाणारा तयार पार्टही सध्या नाही.

यातून गंमत होते. शेजारशेजारच्या दोन शेडमध्ये एकाच बारमधून कापलेले दोन तुकडे असतात. मशिनिंग करून ‘पार्ट’ झालेला तुकडा मोकळा आणि नुसता फोर्ज केलेला तुकडा सीबॅमखाली. त्यामुळे ‘कोड बदलता येईल का हो?’ हा प्रश्न लगेच येतो. वर्गीकरण मालाच्या स्वरूपावर ठरतं, सोयीवर नाही, आणि चुकीचा कोड पकडला गेला तर ग्राहक कायमचा जातो. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद-अॅल्युमिनियम जास्त असलेल्या सुमारे १८० उत्पादनांपर्यंत ही यादी २०२८ पासून वाढवण्याचा प्रस्ताव मांडला आहे. आज मोकळे असलेल्यांनीही तिकडे लक्ष ठेवावं.

५० टनांपर्यंत सूट आहे ना? आम्ही वर्षाला ३० टनच पाठवतो.

सूट आहे, पण ती तुमची नाही, आयातदाराची आहे. एका आयातदाराने वर्षभरात जगभरातून मागवलेला सीबॅमखालचा सगळा माल मिळून ५० टनांच्या आत असेल तर तो सुटतो. तुमचे ३० टन, तैवानचे २०० आणि तुर्कस्तानचे १०० असं असेल तर तुमच्या ३० टनांनाही सूट नाही. २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा आणली. तिच्यामुळे युरोपातले सुमारे ९० टक्के आयातदार सुटले, पण जवळजवळ ९९ टक्के उत्सर्जन कायद्याच्या कक्षेतच राहिलं, असं युरोपीय आयोगाचं म्हणणं. थोडक्यात, लहान दुकानदार सुटले, मोठे वितरक अडकले. भोसरीचा माल बहुधा मोठ्या वितरकांकडेच जातो. ग्राहकाला सरळ विचारा, तुम्ही मर्यादेच्या वर आहात का?

२०२६ मध्ये फक्त अडीच टक्केच भरायचं आहे ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सावकाश.

वेळापत्रक असं आहे: २०२६ मध्ये २.५ टक्के, २०२७ मध्ये ५, २०२८ मध्ये १०, २०२९ मध्ये २२.५, २०३० मध्ये ४८.५, आणि तसंच चढत २०३४ मध्ये १००. वाचून वाटतं की एकूण आकाराच्या अडीच टक्के भरले की काम झालं. तसं नाही. अडीच टक्के हे फुकट परवाने कमी होण्याचं प्रमाण आहे. फुकट परवाने एका ठरावीक मापदंडापुरतेच मिळतात. तुमचा माल त्या मापदंडापेक्षा जास्त कार्बन खात असेल, तर वरचा सगळा फरक पहिल्या वर्षापासूनच भरायचा.

समजा, मापदंड मालाच्या एका टनामागे १.४ टन कार्बन डायऑक्साइड, परवान्याचा भाव ८० युरो आणि तुमच्या एक टन बोल्टमागे २.४ टन उत्सर्जन. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, खरा मापदंड मालाप्रमाणे आणि उत्पादनाच्या पद्धतीप्रमाणे बदलतो. २०२६ मध्ये सूट १.४ च्या ९७.५ टक्के, म्हणजे १.३६५ टन. उरले १.०३५ टन. गुणिले ८०, म्हणजे टनामागे सुमारे ८३ युरो. ‘अडीच टक्के’ धरणारा मात्र ४.८ युरो धरून कोटेशन देतो आणि फसतो. उलट ज्याचं उत्सर्जन बरोबर १.४ टन आहे, त्याला त्याच वर्षी २.८ युरो लागतात. २०३४ मध्ये सूट शून्य झाली की पहिल्याला १९२ युरो.

आता आकडेच दिले नाहीत तर काय होतं ते बघा. मग युरोपीय आयोगाने देशवार ठरवलेली ठोकळ मूल्यं लागतात, आणि पोलादाच्या बाबतीत त्यांच्यावर २०२६ मध्ये १० टक्के, २०२७ मध्ये २० आणि २०२८ पासून ३० टक्के वाढ. वरच्याच उदाहरणात ठोकळ मूल्य २.४ असेल तर ते २.६४ धरलं जातं आणि ८३ युरोंचे १०२ होतात. वरचे १९ युरो फक्त वही न ठेवल्याचे. माझ्या मते छोट्या कारखान्याला आजच्या घडीला खरा चावा या दंडाचा आहे, कराचा नंतर.

हे पैसे भरायचे कुणी?

कायद्याने आयातदाराने. व्यवहारात ज्याची गरज जास्त त्याने. नव्या करारात ‘सीबॅमचा खर्च विक्रेत्याकडे’ अशी एक ओळ हळूच येते. सही करण्याआधी शोधा.

ग्राहकाने भलीमोठी एक्सेल पाठवली आहे. त्यात काय भरायचं?

बोल्टचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. मिलमधून वायर रॉडची कॉइल येते. ती खेचून बारीक होते, कोल्ड हेडिंग होतं, आटे रोल होतात, मग हार्डनिंग-टेम्परिंगची भट्टी, मग प्लेटिंगला जॉबवर्कवर दुसऱ्याच गाळ्यात. यातला बहुतेक कार्बन तुमच्या दारात येण्याआधीच कॉइलमध्ये भरलेला असतो. ब्लास्ट फर्नेसच्या वाटेने आलेलं पोलाद टनामागे दोन टनांच्या वर जातं. भंगार वितळवून बनवलेलं फारच कमी, कारण सध्याच्या नियमात भंगाराचं मागचं उत्सर्जन शून्य धरतात. तुमच्या भट्टीचा गॅस म्हणजे या हिशेबातली चिल्लर.

म्हणून एक्सेलमधला सगळ्यात महत्त्वाचा रकाना तुमचा नाहीच, तो मिलचा आहे. आणि इथेच घोडं अडतं. थेट मिलकडून कॉइल घेणाऱ्याला टेस्ट सर्टिफिकेट मिळतं, त्यावर हीट नंबर (पोलाद कोणत्या वितळणीतून आलं त्याचा क्रमांक) असतो, मिलला पत्र लिहिलं की टनामागचा कार्बनही मिळू शकतो. स्टॉकिस्टकडून सुटा माल घेणाऱ्याला सर्टिफिकेटची झेरॉक्स मिळते. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली, शिक्का काळा झालेला, आणि कॉइलला लावलेल्या पत्र्याच्या टॅगवर निराळाच हीट नंबर. पडताळणी करणारा माणूस पहिल्यांदा हा टॅगच बघणार. २०२६ पासून प्रत्यक्ष आकडे द्यायचे असतील तर ते मान्यताप्राप्त पडताळणी संस्थेकडून तपासून घ्यावे लागतात.

आजपासून एवढं करा: खरेदी ऑर्डरमध्ये कार्बनच्या आकड्याची अट घाला, हीट नंबर गोडाऊनपासून पॅकिंगपर्यंत तुटू देऊ नका, भट्टीच्या गॅसला स्वतंत्र मीटर बसवा आणि महिन्याचं रीडिंग त्या महिन्याच्या उत्पादनाशेजारी लिहा. कँटीन आणि भट्टी एकाच मीटरवर असतील तर आधी ते सोडवा.

आकडे दिले तर आमची गुपितं ग्राहकाच्या हाती जातील का?

भीती रास्त आहे. कार्बनच्या आकड्यांवरून कच्चा माल कुठला, प्रक्रिया किती, हे जाणकाराला कळतं. यावर उपाय म्हणून युरोपच्या सीबॅम रजिस्ट्रीत कारखान्याला स्वतःची नोंदणी करता येते आणि माहिती एकदाच भरून हव्या त्या आयातदारांना उघडी करता येते. मधला व्यापारी असेल तर हाच मार्ग बरा.

छतावर सोलर बसवलं, झाडंही लावली. हे धरतील ना?

झाडं नाही. बाहेरून विकत घेतलेलं ऐच्छिक कार्बन क्रेडिटही नाही. सोलरचं उत्तर ऐकून लोक नाराज होतात: पोलाद आणि अॅल्युमिनियमसाठी सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजलं जातं, वीज बनवताना झालेलं नाही. सिमेंट आणि खतांसाठी विजेचंही मोजतात. म्हणजे सोलरमुळे महावितरणचं बिल उतरेल, सीबॅम उतरणार नाही. हाच नियम विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसच्या पथ्यावर पडतो. जालन्यातल्या भट्ट्यांची कोळशाची वीज हिशेबात येत नाही, पण भंगारात मिसळलेला, कोळसा वापरून बनवलेला स्पंज आयर्न (कच्चं लोखंड) मात्र येतो. अर्थात जालन्याचं उत्पादन मुख्यतः बांधकामाच्या सळ्यांचं. हाय-टेन्साइल बोल्टच्या वायर रॉडला त्याचा उपयोग नाही.

आपण कोळशावर कर भरतच होतो. त्याची वजावट मिळत नाही का?

ज्या देशात माल बनला तिथे कार्बनची किंमत खरोखर भरली असेल तर वजावट मिळते, असं कायदाच म्हणतो. भारताने २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला आणि २०१६ पर्यंत तो ४०० वर नेला. पण २०१७ मध्ये तो जीएसटी भरपाई उपकरात विरघळला आणि सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात तोही गेला. कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला, पण भरलेला जीएसटी पुढच्या करातून वजा करून मिळतो, म्हणून त्याला कार्बनची किंमत म्हणणं अवघड.

आता भिस्त आहे ती २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेवर. तिच्यात कारखान्याला एकूण उत्सर्जनाची नाही, तर उत्पादनाच्या टनामागच्या उत्सर्जनाची मर्यादा मिळते. या योजनेला युरोप किती वजावट देणार, यावरच आता खरी घासाघीस आहे. माझं मत स्पष्ट आहे: हा पैसा कुठे ना कुठे जाणारच असेल तर तो ब्रुसेल्सपेक्षा दिल्लीला गेलेला बरा. पण त्यासाठी आपल्याकडे कार्बनला दखल घेण्याजोगा भाव यायला हवा, आणि तो कुणालाच नको असतो.

भारताचा मूळ आक्षेप काय आहे?

‘समान पण भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व. हवेत आधी साठलेला कार्बन बहुतांश श्रीमंत देशांचा. भारतात आजही दरडोई वार्षिक उत्सर्जन साधारण २ टन आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. पॅरिस कराराने प्रत्येक देशाला आपलं उद्दिष्ट आपणच ठरवायची मुभा दिली. भारताने नेट झिरोसाठी २०७० साल दिलं, युरोपने २०५०. सीबॅम मात्र दोघांच्या पोलादाला एकच भाव लावतो. करारात दिलेली मुभा सीमेवर काढून घेतली जाते, हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. वसूल होणारा पैसा गरीब देशांच्या हवामान निधीकडे वळवला असता तर युरोपची बाजू बरीच भक्कम झाली असती. तो जाणार युरोपच्याच तिजोरीत.

मग जागतिक व्यापार संघटनेत दावा का ठोकत नाही?

रशियाने मे २०२५ मध्ये तक्रार नोंदवली आहे. पण तिथलं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. दावा जिंकला तरी हरलेला देश अपिलात जातो आणि फाइल तिथेच पडून राहते.

आणि जिंकू याची खात्री तरी कुठे आहे? गॅट या जागतिक व्यापार संघटनेच्या मूळ व्यापार कराराचं कलम २० पर्यावरणासाठी अपवाद देतं. १९९८ चा कोळंबी-कासव खटला विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. समुद्री कासवं अडकणार नाहीत अशी जाळी न वापरणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने बंद केली होती. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड विरोधात गेले आणि जिंकले. पण निकालाने सांगितलं की उद्देश वैध आहे, राबवताना भेदभाव केला तो चूक. अमेरिकेने पद्धत सुधारली आणि २००१ मध्ये मलेशियाचा पुढचा आक्षेप फेटाळला गेला. सीबॅम लिहिणाऱ्यांनी तो निकाल नीट वाचलेला दिसतो.

युरोपशी मुक्त व्यापार करार झाला ना? त्यात सूट मिळाली असेल.

नाही. २००७ मध्ये सुरू झालेली, २०१३ मध्ये अडकलेली आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडलेली बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत झाली. सीमाशुल्कावर बरंच काही मिळालं, सीबॅममधून सूट मिळाली नाही. उद्या युरोपने दुसऱ्या कुणाला ढिलाई दिली तर ती भारतालाही मिळेल, असं आश्वासन आणि तांत्रिक चर्चेची वाट एवढं पदरात पडलं. शिवाय बोलणी संपणं वेगळं आणि करार लागू होणं वेगळं.

ब्रिटन आणि अमेरिकेचं काय?

ब्रिटनचा स्वतःचा सीबॅम १ जानेवारी २०२७ पासून आहे. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन कराराने त्यातून सोडवलेलं नाही. अमेरिकेने हवामानाचं नावही न काढता पोलादावरचं शुल्क जून २०२५ मध्ये ५० टक्क्यांवर नेलं.

द्राक्षं, डाळिंबं, गूळ?

सीबॅम लागू नाही.

म्हणजे हा हिरवा मुखवटा घातलेला संरक्षणवादच, नाही का?

अर्धा. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने कोट्याबाहेरच्या पोलादावर थेट ५० टक्के शुल्काचा प्रस्ताव आणला. तो उघडउघड संरक्षणवाद आहे, आणि त्यासाठी कार्बनचा आडोसा लागला नाही. सीबॅममध्ये निदान उत्सर्जन कमी केलं की आकार कमी होतो. आपणही धुतल्या तांदळाचे नाही: राष्ट्रीय सौर मिशनमध्ये देशी सोलर सेलची सक्ती केली म्हणून अमेरिकेने तक्रार केली आणि २०१६ मध्ये आपण हरलो. मग अमेरिकेच्या राज्यांच्या तशाच योजनांवर आपण तक्रार केली आणि २०१९ मध्ये जिंकलो.

आता बोलणी कुठे चालू आहेत?

संयुक्त राष्ट्रांच्या बाकूच्या हवामान परिषदेत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, बेसिक गटाने (ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत, चीन) एकतर्फी व्यापार उपायांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणायचा आग्रह धरला आणि सुरुवातच अडली. ब्राझीलमधल्या बेलेंच्या परिषदेत, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तोडगा निघाला: २०२६, २०२७ आणि २०२८ च्या जूनमधल्या बैठकांत व्यापारावर संवाद आणि २०२८ मध्ये उच्चस्तरीय कार्यक्रम. हे संवाद आहेत, वाटाघाटी नव्हेत. तिथून कुणाचं बिल कमी होणार नाही. पण हवामानाच्या मंचावर व्यापाराला बोलायची स्वतंत्र जागा मिळाली.

पुण्यात मदत कुठे मिळेल?

सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेत चौकशी करा, अभियांत्रिकी निर्यात परिषदेच्या सदस्यांनी त्या परिषदेकडे करा. युरोपीय आयोगाने बाहेरच्या कारखान्यांसाठी मार्गदर्शिका आणि नमुना तक्ते फुकट ठेवले आहेत, आधी ते उतरवून घ्या. मोजमापासाठी चांगला ऊर्जा लेखापरीक्षक पुरतो. आणि कुणी ‘सीबॅम सर्टिफिकेट काढून देतो, एवढे लाख’ म्हणत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ती सर्टिफिकेटं फक्त युरोपातला अधिकृत आयातदार विकत घेऊ शकतो.